नाही हो

आमच्या मामीच्या तोंडून नुसतं 'नाही' असं कुणी ऐकलेलं नाही. ती 'नाही हो' म्हणते. 'नको' म्हणायचं असेल तर 'नको हो' म्हणते. 'जाऊ द्या' म्हटलं तरी मागे तो 'हो' शेपटासारखा येतोच. कुलूप अडलं की त्यात तेलाचा थेंब सोडतात, तसा ती प्रत्येक वाक्यात एक 'हो' सोडते. मग ते वाक्य जराही न कुरकुरता समोरच्याच्या कानात शिरतं.

तिच्या धंद्याला ते लागतंच. मामी लोकांची कुलपं उघडते. लोक स्वतःच्याच घराबाहेर अडकतात. कचरा टाकायला म्हणून दोन पावलं बाहेर येतात आणि मागे दार ओढलं जातं. चावी आत, मोबाइल आत, चष्मा आत, आणि अंगावर असे कपडे की रस्त्यावर जायची सोय नाही. मग शेजाऱ्याच्या घरून फोन येतो, रडवेला.

"मामी, दार फोडावं लागेल का?"

"नाही हो!"

"निदान कडी तरी तुटणारच ना?"

"नाही हो, काऽही तुटत नाही. पायरीवर बसा, पाणी मागून प्या, मी आलेच."

त्या 'हो'मध्ये पाठीवर हात फिरवल्याची काहीतरी जादू आहे. बाहेर अडकलेला माणूस खरंच पायरीवर बसतो. पाणीही पितो.

लग्न होऊन आली तेव्हा तिला कुलूप ही फक्त लावायची वस्तू म्हणून ठाऊक होती. दुकान सासऱ्यांचं. आमचे मामा चाव्या घासण्यात एक नंबर, पण परक्याच्या दारात उभं राहून, चार बायका बघत असताना कुलपाशी झटापट करायची म्हटलं की त्यांच्या हाताला घाम सुटायचा. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा जिने चढायचे कुणी, हा प्रश्न आला. चढली मामी. सासरे खाली जिन्याशी स्टूल टाकून बसत आणि वर ओरडत, "डावीकडे दाब! अगं डावीकडे! हलकं, हलकं!" अख्खी इमारत त्यांच्याकडून कुलूप कसं उघडतात ते फुकटात शिकून घेई. सासरे गेले तरी त्यांचे गुडघे मामीच्या पिशवीत आहेत. म्हणजे त्यांचा एक्स-रे. ओढलं गेलेलं दार उघडायला फटीत सरकवण्यासाठी तसली लवचीक फिल्म फार कामाची. "मामंजी अजून येतात माझ्याबरोबर," मामी म्हणते.

तर हे झालं मामीचं काम. बाहेरचं तिचं, आतलं मामांचं. मामा दुकानात बसून चाव्या करतात आणि चावी तयार झाली की तिच्या डोक्यावर अंकांचे ठसे ठोकून दुकानाचा टेलिफोन नंबर उमटवतात. ही पद्धत सासऱ्यांची. गंमत अशी की चावी हरवली तर ज्याची हरवली त्याला त्या नंबराचा काही उपयोग नाही, नंबर चावीबरोबरच गेला. पण ज्याला सापडते तो फोन करतो. "अहो, बागेत बाकाखाली एक चावी पडली होती, त्यावर तुमचा नंबर आहे." मामी म्हणते, "लांब दांडीची? टोकाला खाच? ती आपल्या दातांच्या डॉक्टरांची हो. ठेवा, मी सांगते त्यांना." अशा किती चाव्या घरी परतल्या असतील, देव जाणे. गावात ज्याच्या खिशात चावी आहे, त्याच्या खिशात आमच्या मामीचा नंबर आहे.

त्या सकाळी मी दुकानातच होते. माझ्या कपाटाची चावी मोडली होती, ती मामा नवीन करत होते. फोन वाजला. मामीने उचलला आणि तिचा चेहरा, कुणी अनोळखी पण सभ्य बाई बोलत असावी, तसा झाला. आवाज मलाही ऐकू येत होता, इतका खणखणीत.

"नमस्कार. जुने व कमी वापरातले टेलिफोन बंद करण्याची मोहीम सुरू आहे. आपल्याला आपला टेलिफोन बंद करायचा आहे का? कृपया हो किंवा नाही म्हणा."

"अगं बाई!" मामी दचकली. "नाही हो!"

"धन्यवाद. आपण 'हो' म्हणालात. आज कार्यालयाची वेळ संपताच आपला टेलिफोन बंद होईल व हा क्रमांक दुसऱ्या ग्राहकास देण्यात येईल. आपला दिवस आनंदात जावो."

"अहो ताई! ऐका ना हो! अहो, मी..."

ताई गेल्या होत्या.

मामी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी. मामांनी हातोडी थांबवली. "काय झालं?"

"ती म्हणते, मी हो म्हणाले."

"म्हणालीस का?"

"नाही हो!"

"हे बघ, आत्ताही म्हणालीस."

मला हसू फुटलं, पण मामांकडे बघितलं आणि ते तिथेच विरलं. माझी चावी समोर ऐरणीवर होती, मामांच्या डाव्या हातात ठसा, उजव्या हातात हातोडी. नंबराचे पहिले दोन अंक ठोकून झाले होते. पुढचे ठोकावेत की नाही, हे न कळून ते त्या चावीकडे बघत राहिले. मी त्यांना असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले. "आणि मग दुसऱ्या कुणाला तरी देणार. म्हणजे लोक अडकल्यावर फोन करणार, आणि उचलणार कोण? एखादा ब्युटी पार्लरवाला."

वरच्या मजल्यावरून मामीची सून खाली आली. औषधांच्या दुकानात काम करते, त्या दिवशी तिची सुट्टी होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पोरगी हुशार, आणि बोलायला चुरुचुरु.

"आई, घाबरू नका. कस्टमर केअर असतं. नाहीच झालं तर मोबाइल आहेच की. नवीन नंबर सगळ्यांना कळवू."

"कळव," मामा म्हणाले. "सगळ्या गावाला सांग, खिशातल्या चाव्या काढा आणि आमच्या दुकानात आणून द्या, नंबर खोडायचाय."

सुनेने टॉवेल काढून खांद्यावर टाकला, बाही सरसावली आणि मोबाइलवरून फोन लावला. तिकडून तीच ताई म्हणाली, "कृपया संबंधित क्रमांकावरूनच संपर्क साधावा." मग दुकानाच्या फोनवरून लावला.

"मराठीसाठी एक दाबा."

सुनेने एक दाबला. काही नाही. परत दाबला. अंगठ्याने दाबला. त्या बटणाखाली इतक्या वर्षांचा पितळेचा कीस आणि तेल बसलेलं. ते आत गेलं ते वर येईना.

"हे बटण बिघडलंय कधीपासून?"

"आपल्या नंबरात एक नाहीच," मामी अपराध्यासारखी म्हणाली. "आणि आपण कुणाला फोन करतो गं? लोक आपल्याला करतात."

मामांनी लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मामी फोनवर आडवा हात घालून उभी राहिली. "हात लावू नका! आज नाही! उघडलात आणि मेला तर?"

एवढ्यात ताईच कंटाळल्या. "आपल्याकडून प्रतिसाद मिळाला नाही. आपण बोलूनही उत्तर देऊ शकता. आपली सेवा आज बंद होणार आहे. बंद करण्याची विनंती आपल्याला मागे घ्यायची आहे का?"

सुनेने घाईघाईने रिसीव्हर मामीच्या कानाला लावला. "आई, बोला! बोला!"

आणि मामी, सगळा जीव एकवटून, ओरडली, "नाहीतर काय!"

"धन्यवाद. आपण 'नाही' म्हणालात. आपली विनंती कायम ठेवण्यात येत आहे. आपला दिवस..."

"आनंदात जावो," मामांनी पुरं केलं.

सून डोकं धरून खाली बसली. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता ह्यात माझं काय चुकलं? 'नाही हो' म्हटलं तर ती 'हो' ऐकते. 'नाहीतर काय' म्हटलं तर 'नाही' ऐकते. शेंबड्या पोरालासुद्धा कळतं ते, ह्या बयेला कळत नाही?"

"आई, ती बाई नाहीये. मशीन आहे. मशीनला फक्त दोन शब्द कळतात. हो. नाही. पुढे काही नाही, मागे काही नाही. म्हणा बघू."

"हो."

"आता नाही."

"नाही ह..."

"आई!"

"अगं, निघतच नाही तोंडातून! नुसतं नाही कसं म्हणायचं? कुणाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतं."

मग सुरू झाली शिकवणी. काउंटरच्या अलीकडे सून, पलीकडे मामी, मधे टेलिफोन. सून प्रश्न विचारणार, मामीने एका शब्दात उत्तर द्यायचं. आज वार अमुक आहे का? दुकान उघडं आहे का? मामी 'हो'पर्यंत सुखरूप पोचायची, 'नाही'वर घसरायची. ओठ मिटून घ्यायची, तरी नाकातून एक 'हं' निघायचाच.

मामांना ह्यात संधी दिसली. इतक्या वर्षांत बायको एका शब्दात उत्तर द्यायला बांधील आहे, असा दिवस उगवला नव्हता.

"मी विचारतो. तुझ्या भावाने आपली शिडी नेली. परत आणली का?"

"अहो, त्याचं तेव्हा घराचं काम..."

"हो किंवा नाही म्हणा."

मामीने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली, नियम म्हणजे नियम.

"...नाही," मामी म्हणाली.

"शाब्बास! आता, त्या शिडीवरून आपलं भांडण झालं, त्यात माझं बरोबर होतं का?"

"अहो, बरोबर-चूक असं..."

"हो किंवा नाही."

मामी जी लाल झाली! "मी सांगते तुम्हाला हो आणि नाही! तुम्ही रात्री घोरता का? हो! दोनदा सांगून डॉक्टरकडे गेलात का? नाही! माझ्या माहेरचं माणूस आलं की तुम्हाला नेमकं काम निघतं का? हो!"

"आई, आई, असंच!" सून टाळ्या पिटत उठली. "अगदी असंच बोलायचं! लावते फोन!"

मामांचा चेहरा पडला होता, पण बायको तयार झाली होती. मामीने पदर खोचला, रिसीव्हर घट्ट धरला आणि फोटो काढायला उभी राहावी तशी ताठ उभी राहिली.

"बंद करण्याची विनंती आपल्याला मागे घ्यायची आहे का?"

"हो."

आम्ही सगळे श्वास रोखून.

"धन्यवाद. आपण 'हो' म्हणालात. आपण प्रतिनिधीच्या रांगेत आहात. कृपया फोन ठेवू नका."

मामांनी मुठी आवळल्या. सुनेने माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत होता. मग बासरी सुरू झाली. एकच ओळ, संपली की पुन्हा तीच. अधूनमधून ताई येत आणि म्हणत, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"आमच्यासाठीही हो, ताई," मामी म्हणायची.

"तिच्याशी गप्पा नकोत!" मामा कुजबुजायचे. "परत काहीतरी बंद करेल ती! दुकानच बंद करेल!"

बासरी चालूच. मामीने रिसीव्हर ह्या कानावरून त्या कानावर घेतला, परत ह्या कानावर आणला. मामा चहा घेऊन आले, तिने तो एका हाताने प्यायला. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून आम्ही सगळे घड्याळाकडेच बघत होतो. जेवायची वेळ टळून गेली होती.

आणि दुकानाच्या पायरीवर मागच्या गल्लीतली शिवणवाली येऊन आदळली. गळ्यात टेप, एका पायात चप्पल, दुसरा पाय तसाच.

"मामी! शेजारून किती वेळ फोन लावतेय, लागेचना! दार ओढलं गेलं! गॅसवर पातेलं, आत आमच्या सासूबाई, आणि त्यांना एकटीने उठता येत नाही!"

नेमक्या त्याच क्षणी, शपथेवर सांगते, बासरी थांबली. ताई म्हणाल्या, "आता आपला क्रमांक आहे. प्रतिनिधी आपल्याशी बोलतील."

मामीने शिवणवालीकडे पाहिलं. रिसीव्हरकडे पाहिलं. मग तो सुनेच्या हातात कोंबला आणि खुंटीवरची पिशवी ओढली.

"आई! एक मिनिट! फक्त एक मिनिट! मालकच लागतो म्हणतात!"

"पातेलं थांबणार आहे का गं एक मिनिट?" मामी पायरी उतरलीसुद्धा.

मी तिच्या मागे. शिवणवाली पुढे, मामी मध्ये, तिच्या पिशवीत हत्यारं खुळखुळतायत. मामी ह्या वयात पळते, हे मला त्या दिवशी कळलं. जिना चढलो तर दाराच्या फटीतून जळका वास येऊ लागला होता. मामी गुडघ्यावर बसली, पिशवीतून मामंजींचे गुडघे काढले आणि फटीत सरकवले.

आतून खणखणीत आवाज आला. "कोण आहे रे तिकडे? चोर?"

"चोर नाही हो आजी! मामी! चावीवाली!"

"मग बेल वाजव की! खुडबुड कसली करतेस?"

शिवणवाली रडता रडता हसायला लागली. मामीने एक्स-रे वर ओढला, खाली दाबला, खांद्याने दाराला हलका धक्का दिला आणि दार उघडलं. धूर. शिवणवालीने धावत जाऊन गॅस बंद केला, मी खिडक्या उघडल्या. पातेलं कोळशासारखं काळं झालं होतं. आजी पलंगावर बसून नाकाला पदर लावून म्हणत होत्या, "मी केव्हाची सांगतेय, काहीतरी लागलंय म्हणून. माझं ऐकतो कोण?"

मामी दाराच्या चौकटीला टेकून धापा टाकत होती. शिवणवालीने तिचे दोन्ही हात धरले. मामी म्हणाली, "काही नाही हो. काही नाही. पातेलं भिजत घाला." आणि मग एकदम आठवल्यासारखी, "चल गं!" म्हणून जिना उतरायला लागली.

दुकानात सून काउंटरवर बसून होती, डोळे चमकत होते.

"माणूस होता! खराखुरा माणूस! खोकला पण!" ती ओरडली. "म्हणाला, इथून आता काही थांबवता येत नाही, पुढे गेलंय सगळं. पण ज्यांच्या नावावर फोन आहे त्यांनी स्वतः मुख्य कार्यालयात, काउंटर बंद व्हायच्या आत यायचं. आई, जा! लगेच जा!"

फोन मामीच्या नावावर होता. सासऱ्यांनी शेवटच्या आजारात करून दिला होता, मुलाच्या नाही, सुनेच्या नावावर. मामांनी दुकानाच्या पायरीशी लावलेली माझी स्कूटर वळवून तोंड रस्त्याकडे करून ठेवली.

मामी मागे बसली, पिशवी खांद्यालाच. अर्ध्या रस्त्यापर्यंत ती माझ्या कानात घोकत होती. "हो. नाही. हो. नाही." सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने खिडकीची काच खाली करून विचारलं, "काही मदत हवीय का?"

"नाही!" मामी म्हणाली. त्याने काच वर केली.

कार्यालयाच्या दाराशी माणसाच्या उंचीचा पडदा उभा होता, त्यावर हसरी बाई, आणि तिच्या तोंडातून आवाज आला, "आपलं काम सांगा." मामी एक पाऊल मागे सरकली. "ही इथेही आहे?" पण पहारेकऱ्याने हात हलवला. "तिच्या नादी लागू नका, ती बंद आहे, नुसती बोलते. आत जा. लवकर."

आत एकच काउंटर उघडं होतं. बाकीच्या खिडक्यांवर पाट्या. काउंटरमागची बाई पर्सची चेन लावत होती. डोळ्यांखाली काळं, आणि येणारा आता काय बोलणार हे आधीच ऐकल्यासारखा चेहरा.

"बोला."

मामी ताठ झाली. "फोन बंद करायचा नाही."

नंबर विचारला, नाव विचारलं. "तुम्हीच का त्या?"

"हो."

"सकाळी बंद करायला तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

"म्हणजे चालू ठेवायचाय?"

"हो."

"दुसरी काही सेवा, नवीन योजना..."

"नाही."

बाईने की-बोर्डवरची बोटं उचलली. मामीकडे नीट पाहिलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मावशी, एवढं तोडून नका ना बोलू. सकाळपासून जो येतोय तो ओरडून जातोय. ते मशीन आम्ही नाही हो बसवलं."

मामी आधी गोंधळली. मग तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बाजूने पाहत होते. सगळ्या दिवसाचा ताठरपणा मानेपासून सुटत खाली उतरला.

"अगं बाई गं! रागावले नाही हो! तुमच्यावर कशाला रागवू? माझ्या सुनेने मला सकाळपासून असं बोलायला शिकवलंय!" आणि मग मामी जी सुटली! चाव्या, ठसे, 'नाहीतर काय', अडकलेलं बटण, पातेलं, आजी. काउंटरवाली आधी ओठ चावत होती, मग टेबलावर डोकं टेकवून हसायला लागली. "माझी आई," ती डोळे पुसत म्हणाली, "ती मशीनला 'बरं' म्हणते. आणि मग मशीन विचारत बसतं, बरं म्हणजे काय."

हसता हसताच तिने बोटं चालवली. मग थांबली. "मावशी, इथे कारण लिहावं लागतं. मनाने नाही लिहिता येत, ह्यातलंच एक निवडायचं." तिने पडदा आमच्याकडे वळवला. ग्राहक परगावी होता. ग्राहक आजारी होता. ग्राहकाने विचार बदलला.

"विचार बदलला असं टाकते."

"पण मी कुठे बदलला?" मामी काउंटरवर वाकली. "सकाळी होता तोच आहे हो माझा विचार! तुमच्या मशीनने चुकीचं ऐकलं, ते लिहा."

"ते ह्यात नाहीये."

"मग जे घडलं नाही ते कसं लिहायचं?"

मागे पहारेकरी शटरची साखळी सोडत होता. शटर खडखडत अर्ध्यावर आलं. मी मामीचा हात दाबला. "मामी, लिहू दे गं!" काउंटरवालीचं बोट हवेत थांबलं होतं. मामी त्या तीन ओळींकडे बघत राहिली. दिवसभर तिने त्या यंत्रापुढे शब्द गिळले होते. हा शेवटचा घास तिच्या घशाखाली उतरेना.

"ग्राहक आजारी होता, ते टाका," ती शेवटी म्हणाली. "सकाळपासून डोकं दुखतंय, ते तरी खरं आहे."

बोट खाली आलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय. फिरतंय. शटर आणखी हातभर खाली. काउंटरवालीच पुटपुटायला लागली, "हो बाई, हो, हो ना गं..." चक्र थांबलं. दोन शब्द आले: 'विनंती स्वीकृत'.

"झालं?"

"इथे तर झालं. पण ह्या पडद्याचा काय भरवसा? लावून बघा ना फोन."

मी मोबाइल मामीच्या हातात दिला. हा नंबर तिने हजारो माणसांना तोंडपाठ म्हणून दाखवला असेल, पण स्वतः कधी लावलेला नव्हता. आपल्याच घराचं दार कोण वाजवतं? एकेक आकडा उच्चारत तिने दाबला. कानाला लावला. चेहरा पांढरा पडला.

"टूं टूं टूं येतंय."

"द्या इकडे." काउंटरवालीने ऐकलं, आणि तिने दुसऱ्या हाताने टेबलावर थाप मारली. "मावशी, एंगेज आहे! बंद असता तर ती ताई बोलली असती! कुणीतरी तुमच्या दुकानाशी बोलतंय!"

"एंगेज आहे!" मामी ओरडली. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज घुमला. "अगं, एंगेज आहे! एंगेज आहे हो!" पहारेकऱ्याने साखळी तशीच हातात धरून विचारलं, "कुणाचं लग्न ठरलं?"

पुन्हा लावला. ह्या वेळी पहिल्याच घंटेला मामांचा आवाज आला, इतका मोठा की आम्हा तिघींना ऐकू गेला. "कोण? तू? कुठे आहेस? बंद झालेला नाही हा, वाजायचा थांबत नाहीये! हे बघ, तो संगीताचा मास्तर न्हाणीघरात अडकलाय, कडी फिरत नाहीये, तिकडून शिष्याने फोन केला. तू त्याच बाजूला आहेस. परस्पर जा. आणि तो आत गातोय म्हणे, काही घाबरायचं कारण नाही."

"सांगा त्यांना," मामी शटरखालून वाकून बाहेर पडतसुद्धा होती, "आलेच म्हणावं."

माझा मोबाइल तिच्या कानालाच होता. मी काउंटरवालीला हात केला आणि मोबाइलच्या मागे पळत सुटले.